डोळ्याला ऊन, मण्याला सावली

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. या वर्षभरात ऊन बागायतदाराला दोन अगदी उलट कारणांनी काळजीत टाकतं. मे-जूनमध्ये ते कमी पडेल म्हणून, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ते सोसणार नाही म्हणून. झाडं प्रकाशाशी कशी वागतात हे समजून घ्यायला मला द्राक्षबागेहून चांगली जागा माहीत नाही.

म्हणून हा विषय मी दोन माणसांच्या तोंडून मांडतो आहे. मामा तीसेक वर्षं द्राक्ष पिकवतात. भाची वनस्पतिशास्त्रात संशोधन करते, तिचा विषयच प्रकाशसंश्लेषण. दोघंही मी घडवलेली पात्रं आहेत, पण त्यांचा वाद खरा आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. मे महिना संपत आलाय, खरड छाटणी होऊन दीड महिना झालाय, नव्या काड्या तारेवर बांधल्यात, आणि मामा बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतून निघालेले जादा फुटवे, काढत मांडवाखालून पुढे सरकतायत.

मामा : या दिवसांत माझं लक्ष जमिनीपेक्षा आभाळाकडे जास्त असतं बघ. या काडीवर पानाच्या बेचक्यात डोळा दिसतोय ना? त्यातून घड निघणार की नुसती बाळी, म्हणजे विळखा घालणारा ताणा, हे आत्ता ठरतंय. ऑक्टोबरात छाटणी केल्यावर जे बाहेर येतं ते तेव्हाचं नसतं, या मे-जूनचं असतं. मे ढगाळ गेला, जूनमध्ये पाऊस लागून राहिला, की समजायचं, काड्या भरपूर आणि घड मोजून. म्हणून मी म्हणतो, ऊन जास्त असं काही नसतं. कमी असतं, एवढंच.

भाची : डोळ्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, मामा. तो डोळा उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर आत एक बारीक उंचवटा दिसतो. सुरुवातीला तो घडाचाही नसतो आणि बाळीचाही नसतो. त्या डोळ्यावर आणि त्याच्या जवळच्या पानांवर ऊन चांगलं पडलं, ऊब मिळाली, मुळांकडून सायटोकायनिन नावाचं संप्रेरक वर आलं, तर तो फांद्या फोडत जातो आणि घड होतो. सावलीत राहिला, जिबरेलिनचा जोर झाला, तर त्याचीच बाळी होते. घड आणि बाळी हे मुळात एकच अवयव.

मामा : आम्ही म्हणतोच की, घड जिरला, बाळी झाली.

भाची : पण त्यावरून ऊन कधीच जास्त नसतं असं नाही म्हणता येत. डोळ्याला ऊन हवंय. त्याच्या शेजारच्या पानाला किती हवंय, हे वेगळं मोजावं लागतं. आता दुपारचे बारा वाजलेत. उघड्यावर साधारण १ लाख लक्स प्रकाश असेल. द्राक्षाचं पान त्याच्या निम्म्याहूनही कमी प्रकाशात आपलं जास्तीत जास्त काम करतं. त्यापुढे प्रकाश वाढला तरी साखर वाढत नाही.

मामा : आणि माझा ऊस?

भाची : उसाची रीत वेगळी. ऊस, मका, ज्वारी, बाजरी ही झाडं कार्बन डायऑक्साइड आधी एकवटून घेतात, म्हणून भर दुपारच्या उन्हातही त्यांचं काम वाढत राहतं. द्राक्ष, भात, गहू, सोयाबीन, आंबा यांना ते जमत नाही.

मामा : बरं, निम्मं उरतं म्हणतेस. ते खालच्या पानाला मिळेल. वाया कुठे गेलं?

भाची : तिथेच तर गंमत आहे. मिळत नाही. वरच्या पानाला हवं असो नसो, ते आपल्यावर पडलेल्या उपयोगी प्रकाशातला साधारण ८५ ते ९० टक्के शोषूनच घेतं. पलीकडे जातो तो दहावा भाग किंवा त्याहून कमी. त्याच्या खालच्या पानाला त्याचाही दहावा भाग. म्हणजे एकावर एक तीन पानं आली की तिसरं पान उपाशी, आणि पहिल्याला झेपत नाही इतकं झालेलं.

मामा : म्हणून तर बगलफुटी काढायच्या. हे आम्हाला कुणी लक्स मोजून नाही शिकवलं. मांडवाखाली उभं राहिलं की जमिनीवर उन्हाचे कवडसे दिसले पाहिजेत. जमीन सगळी काळी दिसली की बाग दाट झाली.

इथे मला मध्ये बोलावंसं वाटतं. मामांची कवडशांची खूण साधी आहे, पण ती एका मोठ्या अडचणीवरचा उपाय आहे. माणसाच्या डोळ्याला प्रकाश मोजता येत नाही. बाहुली लहानमोठी होते, नजर जुळवून घेते, आणि भर दुपारचं अंगण व दिव्याच्या उजेडातलं घर दोन्ही आपल्याला ‘उजेडाचं’ वाटतं. प्रत्यक्षात अंगणात १ लाख लक्स असताना खोलीच्या मध्यभागी दोन-तीनशे लक्सही नसतात. हॉलच्या कोपऱ्यातली कुंडी महिन्या-दोन महिन्यांत का ढासळते, याचं उत्तर बहुतेक वेळा या फरकात असतं, आणि आपण मात्र तिला पाणी वाढवत राहतो. पावसाळी काळोख्या दिवशी उघड्या शेतातसुद्धा प्रकाश दहा हजार लक्सच्या खाली जातो. आपल्याला तो दिवस ‘जरा मळभ’ एवढाच जाणवतो. वेलीला तो दहापट कमी असतो.

भाची : सावलीबद्दल अजून एक. पान नुसता प्रकाश कमी करत नाही, त्याचा रंगही बदलतं. तांबडा प्रकाश पान खाऊन टाकतं, पण तांबड्याच्या पलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसतो तो अतितांबडा, तसाच खाली सोडतं. उघड्या उन्हात हे दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात असतात. दाट पानाखाली तांबडा कितीतरी पटींनी कमी होतो. झाडाकडे फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं, ते हा फरक ओळखतं.

मामा : ओळखून काय करतं?

भाची : पळायला लागतं. जागचं हलता येत नाही, म्हणून वर पळतं. पेरं लांब होतात, देठ लांबतात, पानं पातळ होतात, मुळांचा वाटा कमी होतो. अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला १९५२ साली सॅलडच्या पानांच्या, म्हणजे लेट्यूसच्या बियांवर एक प्रयोग झाला. तांबडा प्रकाश दाखवला की बी रुजायचं, अतितांबडा दाखवला की थांबायचं. आलटूनपालटून कितीही वेळा दाखवा, शेवटचा रंग कोणता यावर बी निर्णय घ्यायचं. डोक्यावर दुसऱ्याचं पान आहे की मोकळं आभाळ, हे त्या एवढ्याशा बियांना कळत होतं.

मामा : लांब पेरं मला दाखवू नकोस, मी रोज बघतो. लांब पेराची काडी दिसली की तिच्यावर भरवसा नाही. जाडी धरत नाही, पिकत नाही, घड देत नाही.

भाची : आणि प्रकाश अजिबातच नसला तर काय होतं ते तुमच्या देवघरात दर वर्षी दिसतं. नवरात्रात मामी घट बसवतात. काळ्या मातीत गहू पेरतात, वर कलश. नवव्या दिवशी ते धान वीतभर वाढलेलं असतं, पण पिवळं, नाजूक. दसऱ्याला तुम्ही तोच तुरा टोपीत खोवता. शेतात त्याच वयाचा गहू अर्धासुद्धा उंच नसतो, पण हिरवागार आणि ताठ असतो. अंधारातलं रोप बियांतली सगळी शिल्लक उंचीवर लावतं. हिरवेपणावर काहीच खर्च करत नाही, कारण उजेड नसेल तर हिरवेपणाचा उपयोग काय? आधी उजेड गाठायचा, मग पान उघडायचं, असा त्याचा हिशेब.

मामा : म्हणजे मी म्हटलं तेच झालं. झाड उन्हासाठी काय वाटेल ते करतं.

भाची : मिळेपर्यंत. मिळाल्यावर काय करतं ते बघायला इकडे या. इथे बसा जरा.

ती त्यांना मांडवाच्या कडेला नेते. दोन ओळींच्या मध्ये, ठिबकच्या नळीजवळ, आंबुटीचा गालिचा पसरलाय. तीन-तीन बदामी पानांची ती आंबट चवीची वनस्पती सगळ्यांनी लहानपणी खाल्लेली असते. वेलीच्या सावलीतल्या आंबुटीची पानं सपाट, पूर्ण उघडलेली. जिथे मांडव विरळ आहे आणि उन्हाचा पट्टा थेट जमिनीवर आलाय, तिथे तीच आंबुटी पानं खाली दुमडून, तीन छत्र्या अर्ध्या मिटल्यासारखी उभी. हातभर अंतरात एकाच वनस्पतीची दोन रूपं. मामांनी हे तण आयुष्यभर उपटलंय, त्यांनी पान बोटाने उघडून पाहिलं, सोडलं, ते पुन्हा खाली गेलं.

मामा : पाणी कमी पडलं असेल.

भाची : नळी शेजारीच गळतीय, माती ओली आहे. हे उन्हापासून अंग चोरणं आहे. कॅलिफोर्नियात रेडवूडच्या जंगलात आंबुटीची एक बहीण वाढते. तिच्यावर १९८१ साली दोन संशोधकांनी काम प्रसिद्ध केलं. कायम गर्द सावलीत राहणारी ती वनस्पती. तिच्यावर उन्हाचा कवडसा पडला की काही सेकंदांत पान हलायला लागतं आणि सुमारे ६ मिनिटांत पूर्ण मिटतं. कवडसा सरकून गेल्यावर उघडायला मात्र अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. हे लक्षात ठेवा, मी त्यावर परत येणार आहे. मिटायला घाई, उघडायला सवड.

मामा : द्राक्षाचं पान तर मिटत नाही.

भाची : बाहेरून नाही मिटत, आतून आवरतं. पेशीत हिरवे कण असतात, हरितलवकं. कमी उजेडात ते उन्हाकडच्या भिंतीला पसरून बसतात, कडक उन्हात बाजूच्या भिंतींना जाऊन एकामागे एक दडतात. २००२ साली जपानी संशोधकांनी अशी रोपं घेतली ज्यांच्या हरितलवकांना हे दडणं जमत नव्हतं. कडक प्रकाशात ठेवल्यावर त्यांची पानं जळाली. शेजारची साधी रोपं टिकली.

मामा : पण उन्हानं जळायचं कारण काय? उष्णता?

भाची : उष्णता वेगळी, ती तर आहेच. पण गार हवेतसुद्धा प्रकाशानं पान बिघडतं. पान प्रकाश शोषतं ते सेकंदाच्या अतिशय छोट्या भागात. त्यातून साखर करणारी यंत्रणा त्यामानाने फार सावकाश चालते. मधली ऊर्जा थांबून राहिली की ती प्राणवायूला जाऊन चिकटते आणि त्यातून असे घटक तयार होतात जे पेशीच जाळतात. सगळ्यात आधी मोडतं ते प्रकाश पकडणाऱ्या केंद्रातलं डी-१ नावाचं प्रथिन. ते रोजच मोडतं. चांगल्या धडधाकट पानातसुद्धा, कडक उन्हात, साधारण अर्ध्या तासात त्यातलं अर्धं बदलावं लागतं. पान दिवसभर दुरुस्ती करत असतं. मोडण्याचा वेग दुरुस्तीच्या पुढे गेला की मग आपल्याला पान फिकट पडलेलं, भाजलेलं दिसतं.

मामा : गंगापूर धरणासारखं झालं म्हणजे. वरून येवा वाढला, कालव्याला जाईल तेवढं जातं, बाकीचं दरवाजे उघडून गोदावरीत सोडायचं. नाहीतर भिंतीवर ताण.

भाची : अगदी तसंच. आणि पानाला तसे दरवाजे खरोखर आहेत. पानात एक पिवळं रंगद्रव्य असतं, व्हायोलाझँथिन. प्रकाश झेपेनासा झाला की आतलं पाणी आम्लधर्मी होतं, आणि त्या आम्लतेमुळे हे रंगद्रव्य बदलून झियाझँथिन होतं. मग पकडलेला प्रकाश साखरेकडे न जाता नुसत्या उष्णतेच्या रूपात बाहेर सोडला जातो. भर दुपारी वरचं पान पकडलेल्या प्रकाशातला निम्म्याहून जास्त भाग असा सोडून देत असतं.

मामा : म्हणजे माझ्या बागेत दुपारभर विसर्ग चालू.

भाची : हो. आणि ‘जास्त’ हा आकडा ठरलेला नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा किती खाली जातो ते तुम्ही मला सांगायला नको. अशा सकाळी आभाळ निरभ्र असतं, ऊन कोवळं असतं. पण थंडीत साखर करणारी विकरं जवळपास थांबलेली असतात, आणि प्रकाश पकडणं थंडीनं थांबत नाही. त्यामुळे सकाळी आठचं सौम्य ऊनसुद्धा त्या पानाला जास्त होतं. एप्रिलच्या दुपारी जे पान दुप्पट ऊन पचवतं, ते जानेवारीच्या सकाळी अर्ध्यानं बिघडतं. पाण्याचा ताण असला तरी तेच. पानावरची छिद्रं बंद, कार्बन डायऑक्साइड आत नाही, आणि ऊन चालूच.

मला हा मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो. रोपवाटिकेतून आणलेलं रोप दुसऱ्या दिवशी उन्हात ठेवलं की करपतं, आणि आपण म्हणतो, याला ऊन सोसत नाही. त्याच जातीचं रस्त्याकडेचं झाड वैशाखात उभं असतं. सावलीत घडलेलं पान पातळ असतं, त्यात प्रकाश पकडायची सोय भरपूर आणि खर्च करायची कमी. उन्हात घडलेलं पान जाड असतं, त्याच्या आतल्या उभ्या पेशींचे थर जास्त असतात, दुरुस्तीची आणि दरवाज्यांची तयारी जास्त असते. तयार झालेलं सावलीचं पान पुरतं उन्हाचं होत नाही. झाड नवी पानं काढतं तेव्हाच खरी सवय होते. म्हणून रोप आठ-दहा दिवस हळूहळू उन्हात न्यायचं असतं. बांधावरच्या आंब्याकडे पाहिलं तर ही काळजी झाड स्वतःही घेतं असं दिसतं. कोवळी पालवी तांबूस असते आणि सरळ खाली लोंबते. तिच्यात साखर करायची यंत्रणा अजून उभी राहायची असते. त्या तांबूस रंगाचं काम उन्हाला आडोसा करायचं की किडीला दूर ठेवायचं, यावर संशोधकांत मतभेद आहेत. उभ्या लोंबत्या पानावर दुपारचं ऊन तिरपं आणि कमी पडतं, यात मात्र वाद नाही.

मामा : पानाचं पटलं. पण पैसे मण्याचे मिळतात. फेब्रुवारीत माल तयार होत आला की आम्ही घडांना पेपर लावतो. थॉमसनचा मणी हिरवट-पिवळा राहिला तर निर्यातीचा. रात्री थंडी, दिवसा ऊन, की तो गुलाबी पडतो. त्या पिंक बेरीला बाहेर कुणी घेत नाही. आणि मार्चमध्ये पश्चिमेच्या बाजूचे घड भाजतात, मणी तपकिरी होतो, सुकतो. सोलापूरकडे डाळिंबवाले झाडावर पांढरं कापड टाकतात, जुन्या साड्यासुद्धा टाकतात. तू म्हणशील, हेच ते जास्त ऊन.

भाची : मण्याला पानासारखी सोय नाही. पान घाम गाळून थंड राहतं, मण्यावर छिद्रं फारच थोडी. उन्हातला मणी भोवतालच्या हवेपेक्षा दहा अंशांनी किंवा त्याहूनही जास्त तापू शकतो. पण इथे तुम्ही एक गोष्ट करता ती मला पटत नाही. पानं विरळ करायला उशीर करता. मण्यात पाणी भरल्यावर, साखर चढत असताना, एकदम पानं काढली की सावलीत वाढलेला मणी अचानक उन्हात येतो, आणि तोच भाजतो. मणी ज्वारीएवढा असतानाच पानं उघडली तर त्याची साल उन्हातच घडते, तिच्यात उन्हाला आडोसा करणारी द्रव्यं आधीपासून साठतात. परदेशी बागांत हे तपासलंय. लवकर उघडलेले घड नंतरच्या उन्हाला जास्त टिकले.

मामा : परदेशात ऊन तिरपं. इथे फेब्रुवारीनंतर डोक्यावर. मांडवाची बाग आणि तारेवरची उभी बाग यांत फरक आहे. मांडवात घड पानाखाली लोंबतो, त्याला ऊन लागतं ते कडेच्या ओळीत आणि पश्चिमेला. तुझं म्हणणं कडेच्या ओळीला लागू असेल.

भाची : तेवढं मान्य.

मामा : आता ते मिटायला घाई आणि उघडायला सवड, ते काय म्हणत होतीस?

भाची : तोच माझा खरा मुद्दा. ढग आला. पानावरचं ऊन एका क्षणात पाचपट कमी झालं. आता त्याला प्रकाशाचा कण न् कण हवाय. पण विसर्गाचे दरवाजे अजून उघडेच आहेत. झियाझँथिन परत मूळ रूपात जायला कितीतरी मिनिटं लागतात. तोवर पान उपाशी असूनही प्रकाश बाहेर टाकत राहतं. वाऱ्यानं पान हललं, वरच्या पानाची सावली पडली, ढग सरकला, दिवसभर हे चालतं. गणितानं काढलेले अंदाज असे आहेत की यात पिकाच्या संभाव्य उत्पन्नातला ७.५ ते ३० टक्के हिस्सा जातो.

मामा : मग?

भाची : मग ते दरवाजे लवकर बंद होतील असं करायचं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठ आणि बर्कली इथल्या संशोधकांनी तंबाखूत तीन जनुकांची मात्रा वाढवली. दरवाजे उघडणारं, बंद करणारं, आणि त्यांना आम्लतेची खबर देणारं. २०१६ साली निकाल आला, शेतात रोपांचं वजन सुमारे १५ टक्क्यांनी वाढलं. २०२२ मध्ये सोयाबीनचा निकाल आला, दाण्याचं उत्पन्न सरासरी २० टक्क्यांहून जास्त वाढलेलं. मामा, विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन किती आहे याचा विचार करा. पाणी तेवढंच, जमीन तेवढीच, पावसाळ्यातलं ऊन-सावलीचं आभाळ तेच. झाडाची नुसती दिरंगाई काढायची.

मामा : दिरंगाई कशावरून? धरणावरचा माणूस पाऊस थांबला की लगेच दरवाजे पाडतो का? वरच्या अंगाला काय चाललंय त्याला माहीत नसतं. ढग गेला आणि पुन्हा कडक ऊन आलं तर? दरवाजे बंद, येवा एकदम. तूच म्हणालीस, आतून जळतं. झाडानं लाखो वर्षं ढग पाहिलेत. ते उगाच वेळ लावत नसेल.

भाची : त्या संशोधकांनी उघडण्याचा वेगही वाढवलाय, नुसता बंद करण्याचा नाही. संरक्षण काढलेलं नाही, चपळ केलंय. आणि झाडानं जे साधलंय ते जगण्यासाठी, उत्पन्नासाठी नाही. रानातलं झाड एक पान गेलं तर धास्तावतं, कारण त्याला खत नाही, पाणी नाही. आपण पिकाला सगळं देतो. त्याची धास्ती आपल्या शेतात गरजेपेक्षा जास्त असू शकते.

मामा : असू शकते. आमच्याकडेसुद्धा असाच एक सोपा उपाय होता. वाढ आटोक्यात ठेवून डोळ्यात घड धरावा म्हणून खरड छाटणीनंतर सगळे सीसीसी नावाचं वाढ रोखणारं औषध मारायचे. ढगाळ हवेची भरपाई बाटलीतून. चाललंही चांगलं. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले, माल अडकला, आणि ज्यांनी कर्ज काढून बाग उभी केली होती ते झोपले. औषधानं काम केलं नव्हतं असं नाही. त्याची दुसरी बाजू कुणी बघितली नव्हती. म्हणून मी विचारतो. तंबाखू झाला, सोयाबीन झालं. प्रत्येक झाडात झालं का?

भाची : नाही. अरॅबिडॉप्सिस म्हणून मोहरीच्या कुळातलं एक छोटं रोप आहे, प्रयोगशाळेतलं सगळ्यात ओळखीचं झाड. ही तीन जनुकं मुळात त्याचीच. जर्मनीत त्याच्यावर हेच करून पाहिलं, तर बदलत्या प्रकाशात ती रोपं जास्त वाढली नाहीत, उलट मागे पडली. का, याचं एकमतानं उत्तर नाही. पान प्रकाशाची कमाई वाढवेल, पण ती साखर नेणारी, साठवणारी बाकीची वेल तयार हवी.

मामा : हेच. तुम्ही पानाकडे बघता. मी काडी बघतो, डोळा बघतो, मूळ बघतो. आता ही ओळ घे. वरच्या पानांना विसर्ग करावा लागतोय आणि तिसऱ्या थराला दहाव्याचा दहावा भाग मिळतोय. मी या दोन बगलफुटी काढल्या, काडी थोडी लांब बांधली, तर वरचं जास्त झालेलं ऊन खाली उतरलं. पानाच्या आत न जाता मी वाटप बदललं. यात ना जनुक, ना बाटली.

भाची : हे मी नाकारत नाही. रिचर्ड स्मार्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन द्राक्षतज्ज्ञानं सगळं आयुष्य हेच सांगितलं. वेलीवर पानांचे थर एक-दीडच्या वर नकोत. पण हे हातानं करायला मजूर लागतात, वेळेत लागतात, आणि द्राक्षाला भाव आहे म्हणून परवडतं. सोयाबीनच्या एकरभर शेतात कोण पानं मोकळी करत बसणार? त्या शेतकऱ्याला जे मिळेल ते बियाण्यातूनच मिळेल.

मला भाचीचं हे उत्तर वजनदार वाटतं. बागायतदार आणि जिरायतदार यांच्यातला फरक उन्हाच्या बाबतीतही आहे. ज्याला मांडव, तार, कात्री, पेपर आणि माणसं परवडतात तो प्रकाश हातानं वाटून देऊ शकतो. ज्याला परवडत नाही त्याचं पीक झाडाच्या स्वतःच्या हिशेबावर सोडलेलं असतं. त्यामुळे तो हिशेब तपासायचाच नाही, ही भूमिका मी घेणार नाही. पण तो तपासायचा कुठे आणि कोणत्या आभाळाखाली, हा मामांचा प्रश्न मला त्याहून निकडीचा वाटतो.

मामा : तुझ्या त्या सोयाबीनचं एक सांग. एकाच वर्षाचा आकडा सांगितलास. दुसऱ्या वर्षी काय झालं?

भाची : दुसऱ्या वर्षी वादळ आलं. पीक आडवं झालं. पानं एकमेकांवर पडली, सगळा मांडणीचा प्रकारच बदलला. त्या वर्षी फरक दाखवता आला नाही.

मामा : आमच्याकडे दर वर्षी असं काहीतरी होतं. जूनमध्ये आठ-आठ दिवस सूर्य नाही, मग एक दिवस उघडीप, कडक ऊन, मग पुन्हा मळभ. पीक लोळतं, पाण्यात उभं राहतं. असलं आभाळ इलिनॉयला असतं का?

भाची : इतके दिवस सलग मळभ नसतं.

मामा : मग जनुक बदललेल्या बियाण्याला परवानगी मिळेल तेव्हा तुमची चाचणी इकडे लावा. चांगल्या वर्षी एक आणि वाईट वर्षी एक, दोन्ही. आणि तू म्हणतेस ते मणी लवकर उघडायचं, त्याला परवानगी लागत नाही. या हंगामात पश्चिमेची कडेची ओळ तुझी. निम्म्या वेलींची पानं ज्वारीएवढ्या मण्याला काढ, निम्म्यांना हात लावू नको. मार्चमध्ये भाजलेले मणी दोघं मिळून मोजू.

भाची : मोजताना मणी पेपरखालचे की उघडे, हे वेगळं लिहायचं.

मामा : त्या ओळीला पेपर लावणारच नाही.